तेलाच्या कपाटाची किल्ली

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मार्कर-दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. खुब्याचे हाड ठिकाणावर नव्हते, ते डॉक्टरांनी स्क्रू घालून बसवले आहे. कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा कोणाला खूश करण्यासाठी मी हे लिहीत नाही. नुसते बसवत नाही आणि जिना उतरायला मनाई आहे, म्हणून लिहिते.

माझ्या यजमानांनी मृत्युपत्र केले नव्हते. ते गेले तेव्हा टेबलाच्या पकडीत एक मार्कर अर्धा खोललेला होता. तो मी जोडला. तेव्हापासून धंदा माझा.

हा कागद परक्या माणसाच्या हाती पडला तर त्याला कळावे म्हणून सांगते. गावाबाहेर आमचे मैदान आहे. तिथे लोक दोन बाजू करून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारतात आणि त्याचे पैसे देतात. गोळी ज्यातून सुटते तो मार्कर. लोक बंदूक म्हणतात, आम्ही म्हणत नाही. मैदान मुलगा सांभाळतो. मार्कर घराखालच्या कारखान्यात असतात, आणि ते मी सांभाळते. ते जुने आहेत, बिनविजेचे, एकूण अडतीस. माझ्यानंतर ते चालू कोण ठेवणार, एवढा एकच अवघड प्रश्न या कागदात आहे. बाकीचे सोपे आहे, म्हणून ते आधी.

कलम १. घर. वरच्या दोन खोल्या आणि खालचा कारखाना मुलगा आणि सूनबाई या दोघांच्या नावावर करावा. नुसत्या मुलाच्या नावावर केला तर तो कागद कुठेतरी जपून ठेवील आणि मग कोणालाच सापडणार नाही. जिन्याची तिसरी पायरी करकरते. ती दुरुस्त करू नये. कोण येते आहे ते तिच्यामुळे कळते. मी पडले ती पाचवीवरून. पाचवी कधी आवाज करत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक सूनबाईंना. मुलगा मोठ्या मनाचा आहे, आणि मोठ्या मनाच्या माणसाजवळ पैसे ठेवणे म्हणजे चाळणीत पाणी ठेवणे. भिंतीवरचे मोठे घड्याळ नणंदेकडे आहे. ते तिला दिलेले नाही, तिने नेलेले आहे. तरी आता ते तिच्याकडेच असू द्यावे. ते दहा मिनिटे मागे पडते हे तिला सांगू नये.

(इथे उठले. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेले, परत आले. असले काही मृत्युपत्रात लिहायचे नसते असे वकीलबाई म्हणतात. मी म्हटले, मग त्या वेळात मी काय केले ते कुठे लिहायचे?)

कलम ३. माझे धाकटे दीर. यांना माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये.

नुसते असे लिहून भागत नाही, असे ऐकते. माणसे नंतर कोर्टात जातात. वकीलबाईंनी बोलता बोलता सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्याच क्षणी मला साक्षीदार सुचला. तरी या मृत्युपत्रावर दुसरे साक्षीदार म्हणून माझे धाकटे दीर सही करतील. निवृत्त बस-ड्रायव्हर आहेत, अक्षर बरे आहे.

कारण नोंदवून ठेवते. एकोणीस वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या माणसांनी पूर्ण दिवस मैदान घेतले होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी दीर कोणाला न सांगता कारखान्यात गेले आणि गंज काढायचा फवारा सगळ्या मार्करांवर, आतूनबाहेरून, मारून आले. बसच्या दारांच्या बिजागऱ्यांना मारायचा फवारा. हेतू वाईट नव्हता. चकाकी आली होती.

जुन्या मार्करमध्ये रबराच्या बारीक कड्या असतात. हवा अडते ती त्या कड्यांमुळे. तसल्या फवाऱ्याने त्या काळच्या कड्या फुगायच्या. रात्रभरात फुगल्या. सकाळी खेळ सुरू झाला आणि निम्म्या लोकांच्या हातातले मार्कर फुसफुसून गप्प झाले. उरलेल्या मार्करांचे आतले हातोडे, ज्यांच्या धक्क्याने गोळी सुटते, ते अडकले. टाय घातलेली माणसे झाडामागे बसून एकमेकांना गोळ्या हाताने फेकून मारत होती.

"दादा, मी तर सगळे चकाचक केले होते," दीर म्हणाले.

"चकाचक? आरसा आहे का तो?" हे म्हणाले. "बस चालव तू. पुन्हा माझ्या तेलाला हात लावायचा नाही."

त्या दिवशी यांनी तेलाच्या कपाटाला कुलूप घातले आणि किल्ली माझ्या गळ्यात आली. भाऊ भावाशी पुन्हा बोलला नाही. हे गेले तेव्हा दीर आले, खांदा दिला, तिसऱ्या पायरीवर बसून राहिले आणि निघून गेले. मीही बोलले नाही. किल्ली अजून गळ्यात आहे.

कलम ४. अडतीस मार्कर. हे माझ्या मृत्यूनंतर सुटे करावेत. पितळ वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, आणि भंगारात द्यावे.

हे रागाने लिहिलेले नाही. मुलाला विजेवरचे मार्कर हवे आहेत. विकणारा दोनदा घरी येऊन गेला. बॅटरीवर चालतात, बोट टेकले की सुटतात. जुन्यांच्या बदल्यात काहीतरी सूट देतो म्हणाला.

"आई, ह्यांचे सुटे भागच मिळत नाहीत आता," मुलगा म्हणाला.

"मी करते की."

"तू करतेस. तू वर आहेस आणि ते खाली आहेत."

तो खरे बोलतो तेव्हा जास्त राग येतो.

जुन्या मार्करांत न कळण्यासारखे काही नाही. घोडा ओढला की अडकण सुटते, स्प्रिंगच्या जोराने हातोडा पुढे जातो, झडपेवर आदळतो, झडप क्षणभर उघडते. थोडी हवा गोळीला पुढे ढकलते, थोडी हातोड्याला मागे ढकलते, आणि तो पुन्हा अडकणीवर बसतो. बिघाड झाला तर कान लावावा. नळीतून हवा सुसू करत असेल तर झडपेची गादी गेली. हवेच्या टाकीच्या सांध्यापाशी करत असेल तर तिथली कडी. एकदा ओढून चार वेळा सुटत असेल तर अडकण झिजली, किंवा टाकीत हवा संपत आली. आधी टाकी बघावी, मग अडकण. पुष्कळ माणसे उलट करतात.

पण या मार्करांना एक रोग आहे. वापरले नाहीत तर बिघडतात. नुसते ठेवून दिले की कड्या सुकतात, आक्रसतात, आणि पुढच्या वेळी हवा भरली की सगळीकडून गळती. म्हणून दर आठवड्याला, मैदान बंद असते त्या मंगळवारी, हवेच्या तोंडात तेलाचा एक थेंब टाकून प्रत्येक मार्कर गोळी न भरता, रिकामा उडवायचा. आत जाणारी हवाच तेल सगळ्या कड्यांपर्यंत नेते. मी पडल्यापासून हे झालेले नाही. मी वर पडले आहे आणि माझ्या खाली अडतीस मार्कर सुकत आहेत. झोप लागत नाही ती हाडामुळे नव्हे.

गळती लागलेला मार्कर भाड्याने देऊन कोणाचा खेळ बिघडवण्यापेक्षा भंगार बरे.

कलम ५. हत्यारे. पिना काढायच्या सुया, गोल तोंडाची पक्कड आणि भिंग सूनबाईंना. त्यांना शिवणकामात उपयोग होईल. शेजारचे फ्रेमवाले, जे फोटोंना चौकटी करतात, त्यांनी माझी छोटी करवत अनेकदा मागितली आहे. ती त्यांना देऊ नये. त्यांना माझे काहीही देऊ नये. दोन महिने झाले, दर मंगळवारी दुपारी ते हवेच्या यंत्राने खिळे ठोकतात. ठक, ठक, ठक. आजारी माणूस वर आहे याची त्यांना लाज नाही. मी मुलाला विचारले, "खाली कोण ठोकतंय रे?" तो म्हणाला, "फ्रेमवाले असतील."

कलम ६. हे कलम पुढच्या आठवड्यात लिहीत आहे.

मला चालायला शिकवायला एक बाई येतात. त्यांच्याबरोबर मी फ्रेमवाल्यांना निरोप पाठवला. निरोप मवाळ नव्हता. फ्रेमवाले स्वतःच वर आले. तिसरी पायरी करकरली तेव्हाच मी खुर्चीत ताठ झाले.

"वहिनी, मी मंगळवारी दुकान उघडतच नाही," ते म्हणाले. "तुमच्या बंदच्या दिवशी माझाही बंद. आधीपासून. तुमचं गिऱ्हाईक नसलं तर माझ्या फ्रेमा कोण घेणार? चेहऱ्यावर रंग घेऊन फोटो काढणारेच येतात माझ्याकडे."

"मग ठोकतं कोण?"

"मला वाटलं, तुम्हीच."

"मी? मला इथून न्हाणीघरापर्यंत जायला कालनिर्णय बघावा लागतो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "माझं यंत्र एकसारखं चालतं वहिनी. हे थांबून थांबून चालतं." आणि जाता जाता पुन्हा माझ्या भिंतीवरच्या करवतीकडे बघितलेच.

आज मंगळवार. दुपारी मी वॉकर बाजूला ठेवला, जमिनीवर उशी टाकली आणि फरशीला कान लावला. चालायला शिकवणाऱ्या बाईंनी हे बघितले असते तर त्यांनी फी परत केली असती.

ठक, ठक, ठक. मग थांबणे. मग एक ठक, हलका.

खिळे असे ठोकत नाहीत. तीनदा रिकामा उडवायचा, हवेची टाकी सोडवायची, दम धरायचा, आणि आत उरलेली हवा जावी म्हणून शेवटचा एक. हा शेवटचा पुष्कळ जण विसरतात आणि मार्कर पोटात हवा घेऊन कपाटात जातो. ही पद्धत यांची. ती मला येते आणि यांना येत होती. मी वर होते. हे जाऊन अकरा वर्षे झाली.

मला भीती वाटली नाही. राग आला. म्हटले, यायचेच होते तर वर येऊन दोन शब्द बोलायला काय झाले होते?

कलम ७. खाली काय झाले त्याची नोंद. वकीलबाईंच्या मते हे कलम होत नाही. माझ्या मते इथून पुढचे कोणतेही कलम याच्याशिवाय कळणार नाही.

मी जिना बसून उतरले. एकेक पायरी, मूल उतरते तसे. तिसरीवर आवाज झाला तसे खालचे ठकठक थांबले.

टेबलापाशी धाकटे दीर होते. हातात मार्कर, खांद्यावर फडके. मला बघून त्यांनी काहीतरी पाठीमागे लपवले. त्यांचे वय अडुसष्ट आहे.

"वहिनी! तुम्ही जिना उतरलात?"

"पाठीमागे काय आहे?"

"काही नाही."

"भावजी, दाखवा."

त्यांनी तेलाची बाटली पुढे धरली. मी लेबल वाचले. आमचेच तेल, मार्करचे. कपाटातले नव्हते, विकत आणलेले.

"दुकानदाराला तीनदा विचारलं, रबराला चालतं ना म्हणून," ते म्हणाले. "चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, आजोबा, पिऊन दाखवू का?"

"किती टाकता?"

"एक थेंब."

"कुठे?"

"हवा शिरते तिथे. मग रिकामा तीनदा. टाकी काढून एकदा."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"दादा तुम्हाला शिकवत होता तेव्हा मी इथंच उभा होतो की," दीर म्हणाले. "तेव्हा ऐकलं नाही, एवढंच."

"कधीपासून येताय?"

"तुम्ही पडलात त्याच्या पुढच्या मंगळवारपासून. कारखान्याची किल्ली तुमच्या चिरंजीवांनी दिली. म्हणाला, काका, आईला कळलं तर मी फ्रेमवाल्यांवर ढकलीन."

"ढकललंच त्यानं."

"हुशार आहे."

"कशाला करता हे सगळं?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. "घरी बसवत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि पडून राहिलं की सुकतं."

मी एक मार्कर उचलला, टाकी लावली, नळीला कान लावला. ऐकू आले नाही. टाकीच्या सांध्याला लावला. ऐकू आले नाही. आणखी एक घेतला. आणखी एक. मी खुर्ची ओढली आणि एकेक करून सगळे तपासले. दीर उभे राहिले. बसा म्हटले नाही म्हणून बसले नाहीत. मार्करकडून काहीच ऐकू न येणे यापेक्षा चांगली बातमी या धंद्यात नाही.

एकच बाजूला ठेवलेला होता. त्याच्या नळीला सुतळीने चिठ्ठी बांधली होती: गळतो.

"हा?"

"हा महिनाभर झाला. झडपेची गादी गेलीय. नवी गादी तुमच्या कपाटात आहे."

"मग मागायची."

"कोणाकडे?" दीर म्हणाले.

मी गळ्यातली किल्ली काढली. कुलूप जड झाले होते. त्यांनी बाटलीतला एक थेंब किल्लीच्या भोकात टाकायला हात पुढे केला आणि तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"टाका," मी म्हटले. "ते रबर नाही."

गादी त्यांनी बदलली. मी सांगितले नाही. दोनदा उलटी बसवली, दोनदा स्वतःच काढली. मी जीभ दाताखाली धरून बसले होते. तिसऱ्यांदा बसली. हवा भरली. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी कान लावले.

मग मुलगा आला आणि आम्हाला तसे बघून दारातच थांबला. "आई, हे बघ, मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"गप्प बस," मी म्हटले. "ऐकू येत नाही."

कलम ८. वकीलबाई म्हणाल्या की लिहिलेले कलम फाडू नये, नव्या कलमाने रद्द करावे. त्याप्रमाणे:

कलम ३ मधला पहिला परिच्छेद आणि साक्षीदाराची व्यवस्था रद्द. एकोणीस वर्षांपूर्वीची हकीकत रद्द नाही. ती खरी आहे. फवाऱ्याचे मी माफ केले असे या कागदातून कोणी काढू नये. कड्या फुगल्या त्या फुगल्या.

कलम ४ पहिल्या परिच्छेदापुरते रद्द. अडतीस मार्कर, तेलाचे कपाट, त्यातल्या कड्या, गाद्या व स्प्रिंगा, आणि त्या कपाटाची किल्ली मी माझ्या धाकट्या दिरांना देते. ते हयात असेपर्यंत खालचा कारखाना त्यांना वापरू द्यावा, भाडे घेऊ नये, आणि "काका, अजून किती दिवस" असे विचारू नये. मुलाने विजेवरचे मार्कर खुशाल आणावेत. त्यांचा मला राग नाही, ओळख नाही. ते वेगळ्या फळीवर ठेवावेत आणि बॅटरी संपेल तेव्हा खेळणाऱ्यांना खालून जुने द्यावेत. दिरांच्यानंतर हे कोणाकडे जावे ते दिरांनी ठरवावे. मेलेल्या माणसाने फार पुढचे ठरवू नये.

कलम ५ मधली हत्यारे सूनबाईंनी स्वतःहून नाकारली. म्हणाल्या, "आई, तुमच्या पकडीनं मी शिवलं तर कपडा ओरडेल." तरी हत्यारेही दिरांना. भिंग मात्र मी असेपर्यंत माझ्याकडे. छोटी करवत फ्रेमवाल्यांना द्यायचे ठरवले होते. पण आता ते खाली सही करणार आहेत, त्यामुळे कायद्याने त्यांना ती घेता येत नाही. हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी करवतीकडे एकदा बघितले आणि सही करायला तयार झाले. म्हणून ती मी त्यांना आजच, जिवंतपणी, हातात दिली आहे. ती मृत्युपत्राचा भाग नाही.

कलम ९. माझ्या देहाचे जे काही करायचे ते लवकर करावे. ठेवून देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईंनी करावी. वकीलबाई शेवटचे वाचन करून म्हणाल्या, "काकू, पंधरा दिवसांपूर्वी तर तुम्ही म्हणत होता, तेच साक्षीदार पाहिजेत, दुसरे चालणार नाहीत!"

मी म्हटले, म्हणत होते.

मी खाली उतरले त्याला आज आठवडा झाला. दीर आत्ता खाली आहेत. आज मंगळवार. त्यांनी पेन घेऊन वर यायची तयारी केली होती, साक्षीला बोलावले आहे असे मुलाने त्यांना आधीच सांगून ठेवले होते. मी निरोप पाठवला आहे की वर येऊ नका, तुमची सही लागणार नाही. निरोप मुलगा घेऊन गेला. तीन ठक झाले. आता थांबले आहेत.

ठिकाण: कारखान्यावरची खोली, खिडकीपाशी, उभ्याने.
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, दुपार.

लिहून ठेवणारी: (सही)

आमच्या समक्ष, शुद्धीत असताना सही केली. सही करताना त्यांनी आम्हाला दोनदा गप्प बसायला सांगितले.

साक्षीदार १: चालायला शिकवणाऱ्या बाई (सही)

साक्षीदार २: ~~धाकटे दीर~~ शेजारचे फ्रेमवाले (सही)

साक्षीदार दोनच्या जागी केलेली खाडाखोड माझ्या हातची आहे आणि समजून उमजून केलेली आहे. (सही)